झिंक-एअर बॅटरीच्या कॅथोडसाठी पावडर घ्यावी की तंतू?

ऑक्सिजन रिडक्शनसाठी (कॅथोडवर हवेतला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेतो त्या अभिक्रियेसाठी) लोह-नायट्रोजन-कार्बनचा उत्प्रेरक करायचा आहे. झेडआयएफ-८ ची, म्हणजे जस्त आणि सेंद्रिय रेणूंच्या सच्छिद्र स्फटिकाची, पावडर भाजायची की पॅन (पॉलिॲक्रिलोनायट्राइल हा पॉलिमर) इलेक्ट्रोस्पिन करायचं, म्हणजे उच्च व्होल्टेजने सुईतून ओढून त्याचे बारीक तंतू काढायचे? मी दोन वर्षं पहिलं केलं, गेली तीन वर्षं दुसरं करतोय. प्लॅटिनम-कार्बन, म्हणजे प्रमाण मानलेला उत्प्रेरक, तुलनेपुरतं दोन्हीकडे लागतंच, ते बाजूला ठेवतो.

पावडरीची वाट सोपी. मिथेनॉलमध्ये ढवळा, सेंट्रिफ्यूज करा, भट्टीत ठेवा. ९०७ अंशांच्या वर जस्त उकळून निघून जातं आणि मागे बारीक छिद्रं राहतात. पृष्ठभागाच्या क्षेत्रफळात माझे तंतू तिथवर कधीच पोचले नाहीत. फक्त आरडीईचे (फिरत्या चकतीच्या इलेक्ट्रोडवर घेतलेले) आलेख हवे असतील तर पावडरच बरी. तिथे तंतूही कुटूनच वापरावे लागतात.

मला नडली ती इंक, म्हणजे पावडर द्रवात कालवून केलेली शाई. नॅफिऑन (चिकटवणारा पॉलिमर) घालून सोनिकेट केलेला, म्हणजे अल्ट्रासाउंडने ढवळलेला, थेंब ५ मिलिमीटरच्या ग्लासी कार्बनच्या चकतीवर ठेवायचा आणि वाट बघायची. मुंबईच्या जुलैत तो वाळता वाळत नाही. पावडर हळूहळू कडेला सरकते, बशीत सुकलेल्या चहासारखं कडं उमटतं, मधला काळा आरसा उघडाच राहतो. मग १६०० आरपीएमला जिथे आलेख सपाट व्हायला हवा तिथे तो तिरका उतरतो. एकाच बॅचचे तीन थेंब आणि तीन वेगळे आलेख! फरक उत्प्रेरकाचा की थेंबाचा, हेच महिनाभर कळेना.

दमट हवा तंतूंनाही मानवत नाही. सुईच्या टोकाशीच पॅन साकळतं, सुई तुंबते. पण हा त्रास समोर दिसतो आणि त्याला उपाय आहे. मी ॲक्रिलिकची पेटी करून घेतली, आत सिलिका जेल ठेवलं; आर्द्रता ४० टक्क्यांवर उतरल्याशिवाय १५ किलोव्होल्ट सुरू करत नाही. पुढे हवेत २५० अंशांना पांढरी चादर तपकिरी होताना आक्रसते. सिरॅमिकच्या पट्ट्यांत दाबून धरली नाही तर भाजलेल्या पापडासारखी वळते. नायट्रोजनमध्ये ९०० अंशांवरून ती सपाट बाहेर आली, की कात्रीने गोल कापायची, मागे गॅस डिफ्यूजन लेअर (हवा आत सोडणारा सच्छिद्र थर) ठेवून सेलमध्ये बसवायची. इंक नाही, थेंब नाही.

तुमची गरज वेगळी असू शकते. पण सेल चालवून दाखवायचाच असेल, तर माझ्या मते आधी पेटी करून घ्या. तोवर पावसाळ्यात पावडर करून ठेवायला हरकत नाही.