आठ महिने ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर वापरल्यावर: जुन्या गाडीची लागून विझणारी चेक इंजिन लाइट

गाडी २०१४ ची, पेट्रोल, चार सिलिंडरची, १,१२,००० किलोमीटर चाललेली. चेक इंजिनची लाइट लागायची, दोन-तीन दिवस राहायची अन् आपोआप विझायची. वर्कशॉपला न्यावी तर नेमकी बंद. एका ठिकाणी कोड (गाडीचा संगणक प्रत्येक दोषाला देतो तो क्रमांक) न वाचताच ऑक्सिजन सेन्सर बदलून दिला. ४,२०० रुपये गेले आणि नवव्या दिवशी लाइट पुन्हा हजर. नागपुरातल्या मानेवाड्याचे आमचे मिस्त्री म्हणायचे, "भाऊ, लाइट लागलेली असतानाच आणा ना गाडी." पण ती लागायची भर दुपारी, वर्धा रोडच्या ट्रॅफिकमध्ये, मी कामावर जाता-येता.

मार्चमध्ये ९५० रुपयांचा हा काडेपेटीएवढा स्कॅनर घेतला. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये लावायचा, मोबाइलला जोडायचा. ओबीडी म्हणजे गाडीने स्वतःचे दोष ओळखून नोंदवायची सोय. आपल्याकडे तिची दुसरी पिढी, ओबीडी-२, एप्रिल २०१३ पासून सक्तीची झाली, त्यामुळे त्यानंतरच्या गाड्यांना अडचण येत नाही. त्याआधीची गाडी असेल तर घेण्यापूर्वी दुसऱ्याचा लावून बघा.

मला सगळ्यात उपयोगी पडली ती एक गोष्ट: लाइट विझली म्हणजे पुरावा गेला असे नाही. सलग तीन फेऱ्यांत (गाडी सुरू करून, चालवून बंद केली की एक फेरी) दोष दिसला नाही की संगणक लाइट बंद करतो, पण कोड मात्र पुढची ४० वेळा इंजिन गार असताना सुरू होऊन तापेपर्यंत साठवून ठेवतो. हे माहीत नसल्याने वर्षभर मी लाइटच्या मागे धावलो.

पहिल्यांदा कोड आला पी०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, पेट्रोल नीट न पेटणे. आणि तिथेच चूक केली. उत्साहात 'इरेज' दाबले. कोडसोबत फ्रीझ फ्रेमही पुसली गेली, म्हणजे दोष नोंदला त्या क्षणाची आकड्यांची नोंद. ती परत मिळायला आठ दिवस थांबावे लागले. तुम्ही असे करू नका, आधी स्क्रीनशॉट काढा. दुसऱ्या वेळी नीट वाचले: कूलंट ९९ अंश, ७६० आरपीएम, वेग शून्य. गाडी तापलेली अन् सिग्नलवर उभी. सकाळी गार इंजिनवर मिस्त्रींना काही सापडत नव्हते, त्याचा उलगडा झाला.

मिसफायर प्लगमुळे होतो, प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या कॉइलमुळे होतो, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशनमुळेही होतो. कोड फक्त सिलिंडर सांगतो, पार्ट सांगत नाही. प्लग नुकतेच बदलले होते, म्हणून मिस्त्रींनी इंजिन गार झाल्यावर दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल केली. दहाच्या पान्याचे काम, पैसे लागले नाहीत. मग मे महिन्याच्या उन्हात रोज संध्याकाळी घरी आल्यावर 'पेंडिंग कोड' पाहायचो. अकराव्या दिवशी तिथे पी०३०३ दिसला, लाइट लागायच्या आधीच! दोष एका फेरीत दिसला की तो पेंडिंगमध्ये जातो, पुढच्या फेरीत पुन्हा दिसला तर लाइट लागते. कॉइलसोबत दोषही तिसऱ्या सिलिंडरला गेला होता. काढून पाहिली तर काळ्या प्लास्टिकवर केसाएवढी बारीक चीर. नवी कॉइल १,६५० रुपयांत बसली. त्यानंतर पावसाळा गेला, ऑक्टोबर हीटही गेली, कोड आला नाही.

तक्रारीही आहेत. एबीएस आणि एअरबॅगचे कोड हा वाचत नाही. मुलीच्या आयफोनला जोडलाच जात नाही, अँड्रॉइडलाच चालतो. मध्येच कनेक्शन तुटते, मग काढून पुन्हा लावा. चार दिवस चंद्रपूरला गेलो तेव्हा सॉकेटमध्येच राहिला आणि बॅटरी उतरली. आता वापरून झाला की काढून ठेवतो. शिवाय गुडघ्याला लागतो, एकदा चालवताना निसटला.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. लाइट स्थिर असेल तर घरी येऊन कोड वाचता येतो. पण ती लुकलुकत असेल तर वेग कमी करा, शक्य तितक्या लवकर गाडी थांबवा. मिसफायर जोरात असला की न जळलेले पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळते आणि तो पार्ट कॉइलच्या कितीतरी पट महाग आहे.

मिस्त्री आता गाडी आणायच्या आधी फोनवरच फ्रीझ फ्रेम मागतात. मागच्या आठवड्यात शेजाऱ्यांच्या गाडीलाही तोच स्कॅनर लावून दिला, स्क्रीनशॉट त्यांच्याच मोबाइलवर काढून.