उंचीच्या बटणाने खाल्लेले टायर : एअर सस्पेन्शनसोबतचे १४ महिने

इलेक्ट्रिक गाडी घेऊन १४ महिने झाले, २६ हजार किलोमीटर झाले. एअर सस्पेन्शनचा, म्हणजे लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर तोललेल्या गाडीचा, आराम खोटा नाही, हे आधीच सांगतो. अडीच टनांच्या आसपासचं धूड, त्यात पाचेकशे किलो नुसती बॅटरी, आणि तरी खड्ड्यांच्या रस्त्यावर आई-बाबा मागे गाढ झोपतात. डिकी ठासून भरली तरी गाडी मागून बसत नाही. फुग्यांत हवा भरणारा काँप्रेसर थोडा वेळ गुरगुरतो आणि गाडी पुन्हा सपाट.

माझी तक्रार गाडी वर-खाली करणाऱ्या, स्क्रीनवरच्या उंचीच्या बटणाबद्दल आहे, आणि त्यातली अर्धी स्वतःबद्दलच.

पहिले सहा-आठ महिने ते बटण मी खेळण्यासारखं वापरलं. हायवेला 'लो', कारण गाडी खाली बसली की हवेचा अडथळा कमी होतो, रेंज (एका चार्जमध्ये कापलं जाणारं अंतर) थोडी वाढते. गावात 'हाय', कारण गतिरोधकाला पोट घासायची धास्ती. 'नॉर्मल'वर गाडी जवळजवळ नसायचीच.

नवव्या महिन्यात मागचं चाक पंक्चर झालं. काढून जमिनीवर आडवं टाकलं आणि बघतच राहिलो. बाहेरच्या बाजूला ५ मिलिमीटर नक्षी शिल्लक, आतल्या कडेला बोटभर रुंदीचा पट्टा पार गोटा, एके ठिकाणी तारा डोकावत होत्या. मागची चाकं वळत नाहीत, त्यामुळे ती कड उभ्याने कधी दिसतच नाही. ह्याच टायरवर मी आदल्या आठवड्यात कुटुंबाला घेऊन हायवेला गेलो होतो.

गाडी खाली बसली की चाकांचे माथे आत झुकतात, म्हणजे कँबर वाढतो आणि भार आतल्या कडेवर येतो. पण एकट्या कँबरने टायर इतका जात नाही. उंचीबरोबर टोसुद्धा बदलतो, म्हणजे वरून बघितलं तर चाकाचं तोंड किती आत-बाहेर वळलंय ते, आणि टो बिघडला की चाक सरळ न फिरता सतत थोडं तिरपं घासत जातं. वर गाडीचं वजन आणि मोटरचा पाय ठेवताक्षणी मिळणारा टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर. मधे एकदा अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून घेतली होती, रिपोर्टमध्ये सगळे आकडे हिरवे. फक्त तेव्हा गाडी 'हाय'वर उभी होती! मॅन्युअलमध्ये अलाइनमेंटची उंची ठरवून दिलेली असते. ते मशीनवाल्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

दुसरं दुखणं जास्त चिवट निघालं. 'हाय'वर असताना जोरात पाय दिला की ४० ते ७० च्या मधे गाडीचा पुढचा भाग थरथरायचा. फोरमन म्हणाला, "साहेब, बॅलन्सिंग असेल." दोनदा केलं, फरक शून्य. शेवटी त्याला शेजारी बसवून एकाच रस्त्यावर दोन फेऱ्या मारल्या. 'हाय'वर थरथर, 'नॉर्मल'वर नावापुरती, आणि पाय उचलला की लगेच गायब. चाकाचं बॅलन्सिंग गेलं असेल तर थरथर पाय उचलल्याबरोबर अशी थांबत नाही. मग त्याने ड्राइव्ह शाफ्टकडे बघितलं.

गाडी उंच केली की मोटरकडून चाकाकडे जाणारा शाफ्ट जास्त तिरका होतो. आतल्या जॉइंटमध्ये तीन रोलर असतात, ते कपातल्या खाचांमध्ये मागेपुढे सरकतात. कोन जितका मोठा तितकं सरकणं जास्त, आणि ते सगळं पूर्ण टॉर्कच्या दाबाखाली. खाचा झिजल्या की प्रत्येक रोलर अडखळतो, म्हणजे चाकाच्या एका फेरीला तीन धक्के. ५० च्या वेगाला सेकंदाला साधारण १९. दोन्ही शाफ्ट बदलले. "झीज वॉरंटीत येत नाही" ह्यावर बरीच वादावादी झाली, शेवटी मजुरी मी दिली.

हवेची गळती त्यामानाने किरकोळ. एका सकाळी पुढचा डावा कोपरा दोन बोटं खाली बसलेला. थंडीने फुग्यातली हवा आकसतेच (३० अंशांवरून १० वर आलं तर ६-७ टक्के), पण ते चारही कोपऱ्यांना होतं. एकच कोपरा बसला तर गळती समजावी. साबणाचं पाणी फवारल्यावर पाइपच्या जोडाशी फेस आला, तिथली रबरी रिंग बदलून भागलं. दुर्लक्ष केलं असतं तर काँप्रेसर दिवसभर धापा टाकत बसला असता, आणि तो अशा सततच्या कामासाठी बनवलेला नसतो. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे तो वारंवार चालू झाला की कळतं तरी.

आता गाडी 'नॉर्मल'वरच असते. 'लो' फक्त लांबच्या सरळ रस्त्याला, 'हाय' फक्त रॅम्प चढण्यापुरतं, तेही पाय हलका ठेवून. दर दोन महिन्यांनी मोबाइल गाडीखाली सरकवून आतल्या कडांचे फोटो काढतो. नवीन मागच्या टायरच्या दोन कडांमध्ये सध्या अर्ध्या मिलिमीटरचा फरक आहे. नुसत्या रेंजसाठी किंवा गाडी खाली बसलेली छान दिसते म्हणून कोणी हे घेत असेल तर मी साध्या स्प्रिंगच घ्यायला सांगेन. माझ्या मुलीला मात्र गाडी वर उठताना बघायला भारी आवडतं. तिला गाडी उभी असतानाच बटण दाबायला देतो, आणि निघण्याआधी तीच परत 'नॉर्मल' करते.