शेवट आधी लिहावा की शेवटी?

मे-जून उजाडला की दिवाळी अंकांच्या संपादकांचे फोन सुरू होतात. बारा वर्षं त्या फोनला माझं एकच उत्तर असायचं, ‘हो, तिचीच कथा देते.’ ती म्हणजे माझ्या कथामालिकेची नायिका. गेल्या वर्षी मी ती मालिका संपवली. यंदा फोन आला तेव्हा विषय डोक्यात होता, पण तो जिच्या तोंडून सांगायचा ती नव्हती. दुपारपर्यंत मी नुसती बसून राहिले.

तुमचीही मालिका लांबली असेल आणि ती कुठे, कशी थांबवावी याचा घोळ मनात चालू असेल, तर मी निर्णयाआधी ज्या लेखकांकडे पुन्हा पुन्हा गेले, त्यांच्या वाटा तुमच्यापुढे ठेवते.

आधी आर्थर कॉनन डॉयल आणि शरदिंदु बंद्योपाध्याय. दोघांच्याही कथा सुट्या, गुप्तहेर एकच, आणि दोघांनाही आता पुरे झालं असं वाटलं. डॉयल यांना ऐतिहासिक कादंबऱ्या लिहायच्या होत्या. १८९१ मध्येच त्यांनी आईला पत्रातून कळवलं होतं की होम्सला संपवायचा विचार आहे, तो माझं मन अधिक चांगल्या कामावरून उडवतो. आईने तेव्हा अडवलं. डिसेंबर १८९३ च्या ‘स्ट्रँड’ मासिकात मात्र स्वित्झर्लंडमधल्या रायकेनबाख धबधब्यावर होम्स गेला. वाचकांनी ते मानलं नाही. १९०३ मध्ये डॉयलना त्याला परत आणावं लागलं, आणि तो दरीत पडलाच नव्हता असं सांगावं लागलं. होम्सच्या एकूण ५६ लघुकथांपैकी ३२ त्या ‘मृत्यू’नंतरच्या आहेत. म्हणजे निरोप देऊन झाल्यावरचं काम आधीच्या कामाहून मोठं! धबधब्याचं दृश्य मला आजही थरारक वाटतं. त्यातून सुटकेचा खुलासा मात्र प्रत्येक वाचनात लंगडा वाटतो. लेखकाने चिडून घेतलेला निर्णय पुढे पात्राला निस्तरावा लागला, याचं मला वाईट वाटतं.

शरदिंदूंनी त्यांच्या गुप्तहेराला, ब्योमकेशला, हात लावला नाही. १९३२ पासून चार वर्षांत दहा कथा लिहिल्या आणि थांबले. मग मुंबईत चित्रपटांसाठी लिहीत राहिले. सुमारे पंधरा वर्षांनी कोलकात्यात एका परिचिताच्या घरी मुलांनी विचारलं, ‘ब्योमकेश का नाही लिहीत?’ आणि १९५१ मध्ये तो परतला. त्यासाठी कुठलाही खुलासा करावा लागला नाही, कारण तो कुठे गेलाच नव्हता. मधल्या काळात त्याचा संसार सुरू होता, एवढंच. १९५२ पासून शरदिंदू पुण्यात राहिले, त्यामुळे कोलकात्याच्या गल्ल्यांतल्या यातल्या बऱ्याचशा कथा आपल्या पुण्यात लिहिल्या गेल्या आहेत. पुण्यातल्या किती वाचकांना हे ठाऊक असेल? एकूण ३२ कथा पूर्ण झाल्या. तेहतिसावी १९७० मध्ये त्यांच्या निधनाने अर्धवट राहिली. या वाटेची किंमत तीच: शेवटचं पान तुमच्या हातचं नसतं. सुट्या कथांच्या मालिकेला ती किंमत परवडते असं मला वाटतं. त्या अर्धवट कथेमुळे आधीच्या बत्तीस कथांचं काहीच बिघडलेलं नाही.

तुमची मालिका एकाच धाग्याची असेल, तर मात्र हे चालणार नाही. दहा वर्षं वाचकाला एका प्रश्नामागे चालवलंत, तर उत्तर देणं तुमच्यावर बंधनकारक आहे. तिथे दुसरी जोडी पाहा.

अगाथा ख्रिस्तींनी त्यांच्या गुप्तहेराची, पॉयरोची, अखेरची कादंबरी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच लिहिली, हक्क मुलीच्या नावे केले आणि हस्तलिखित कडीकुलपात ठेवलं. पॉयरोची पहिली गोष्ट जिथे घडली होती, त्याच घरात ही शेवटची घडते. त्यानंतर तीसेक वर्षं त्या पॉयरोवर लिहीतच राहिल्या, शेवट ठाऊक असताना. १९७५ मध्ये ती प्रसिद्ध झाली, तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सने पॉयरोची मृत्युवार्ता पहिल्या पानावर छापली. पुढच्या जानेवारीत ख्रिस्ती गेल्या. म्हणजे पॉयरोचा शेवट थकलेल्या हाताने लिहिलेला नाही, ऐन भरातल्या हाताने लिहिलेला आहे, आणि वाचताना ते जाणवतं. उणीव एकच: मधल्या वर्षांत जे लिहिलं, त्याची त्या पानांना खबर नाही.

रॉबर्ट जॉर्डन यांची महाकादंबरी १९९० मध्ये सुरू झाली. आजाराने २००७ मध्ये ते गेले तेव्हा अखेरचा खंड व्हायचा होता. पण टिपणं तयार होती, बरंच सांगून लिहून घेतलं होतं आणि अगदी शेवटचा प्रसंग त्यांच्याच हातचा होता. त्यांची पत्नी त्यांची संपादकही होती. तिने ब्रँडन सँडरसन यांना निवडलं आणि एका खंडाऐवजी तीन खंड होऊन २०१३ मध्ये मालिका चौदाव्या खंडावर पुरी झाली. मधल्या पानांत आवाज बदललेला कळतो. पण वाचक मुक्कामाला पोचला.

मी ख्रिस्तींची वाट धरली. चौथ्या वर्षी शेवटचं प्रकरण लिहून कपाटात ठेवलं. आठ वर्षांनी उघडलं, तर माझ्या नायिकेची धाकटी बहीण, जी मालिकेच्या सातव्या वर्षी आली आणि वाचकांची सगळ्यात लाडकी झाली, तिचा त्यात उल्लेखही नव्हता. शेवटची दोन पानं सोडून सगळं पुन्हा लिहिलं. ती दोन पानं मात्र आज मला तशी लिहिता आली नसती. तेव्हा मी नायिकेवर जास्त जीव टाकत होते.

म्हणून माझा सल्ला असा. कथा सुट्या असतील, तर शरदिंदूंसारखं थांबा. निरोपाची घोषणा करू नका आणि नुसता कंटाळा आलाय म्हणून कुणाला मारू नका. धागा एक असेल, तर शेवट मालिका रंगात असतानाच लिहा, दर दोन वर्षांनी काढून वाचा आणि नव्याने आलेल्या माणसांना त्यात जागा द्या. लिहिलेला कागद कुठे आहे, हे घरात एकाला तरी माहीत असू द्या. माझ्या मुलीला कपाटाचा कप्पा माहीत होता. उघडून वाचायचं नाही, एवढीच अट होती, आणि आठ वर्षं तिने ती पाळली.