जुन्या डॅशबोर्डात नवे मीटर: काही महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या जुन्या गाडीच्या डॅशबोर्डात नवे मीटर बसवायचे, पण पत्रा कापायचा नाही, एवढी एकच अट घालून मी हे काम काढलं. तबकड्या, काचा, क्रोमच्या कडा सगळं मूळचं. आतली यंत्रणा तेवढी नवी, स्टेपर मोटरवर (काटा बारीक टप्प्यांनी फिरवणारी विजेची मोटर) चालणारी. तापमान आणि पेट्रोलचे मीटर असे बदलले, करंट मोजणाऱ्या अ‍ॅमीटरच्या जागी व्होल्टेज मोजणारा व्होल्टमीटर आला. तयार मिळणारे ५२ मिमीचे मीटर जुन्या भोकात पुष्कळदा बसतात, पण ती काळी प्लास्टिकची कड आणि निळा उजेड जुन्या गाडीत मला तरी बघवत नाही.

बाकी काही करा न करा, अ‍ॅमीटर मात्र काढाच. स्टार्टर सोडला तर गाडीचा बहुतेक सगळा करंट त्यातून वाहतो, म्हणजे जाड तारा डॅशबोर्डमागे येऊन परत जातात. एखादा नट सैल झाला की तिथेच तापायला लागतं, आणि डायनामो काढून जास्त करंट देणारा अल्टरनेटर बसवला असेल तर धोका आणखी वाढतो. व्होल्टमीटरला फ्यूज लावलेली एक बारीक तार आणि अर्थ (गाडीच्या बॉडीशी जोडणी) पुरतं. फक्त अ‍ॅमीटरच्या त्या दोन जाड तारा एकमेकींना पक्क्या जोडाव्या लागतात. आता इंजिन बंद असताना काटा १२.६ च्या आसपास असतो, चालू केल्यावर १४ कडे सरकतो. चार्जिंगची तब्येत यावरून लगेच कळते.

पेट्रोलच्या मीटरची खरी गोम टाकीतल्या सेंडरमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या पातळीनुसार विजेचा रोध बदलणाऱ्या भागात असते. साठच्या दशकाच्या मध्यापासून जनरल मोटर्सच्या बहुतेक गाड्यांत रिकाम्या टाकीला ० आणि भरलेलीला ९० ओहम. फोर्डच्या जुन्या गाड्यांत बरोबर उलटं, रिकामी ७३ आणि भरलेली १०. मल्टीमीटर लावून आधी हे मोजा, मगच मीटर मागवा. माझ्या यंत्रणेला रिकामी आणि भरलेली टाकी 'शिकवता' येते, त्यामुळे जुना सेंडर तसाच चालला. जुना मीटर बायमेटलचा (तापल्यावर वाकणाऱ्या दोन धातूंच्या पट्टीचा), मुळातच सुस्त. वळणावर पेट्रोल हिंदकळलं तरी काटा ढिम्म असायचा. नवा इतका चळवळ्या की काटा संथ करणारं डॅम्पिंग शेवटच्या पायरीवर नेऊन ठेवलं. त्या बायमेटल मीटरांना व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या स्टॅबिलायझरमधून साधारण १० व्होल्ट मिळत, नव्याला पूर्ण १२ हवेत. ती तार स्टॅबिलायझरच्या आधीच घ्यायची.

तापमानाचा मीटर जरा जास्तच प्रामाणिक निघाला. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याला रेडिएटरकडे सोडणारी झडप) उघडला की काटा वर जाऊन खाली येतो. सुरुवातीला दर वेळी छातीत धस्स व्हायचं. एका तारेच्या सेंडरला अर्थ त्याच्या आट्यांतूनच मिळतो, म्हणून तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. आणि आटे नीट बघून घ्या: १/८ एनपीटीला (अमेरिकन माप) इंचाला २७ आटे, १/८ बीएसपीला (ब्रिटिश माप) २८. दिसायला जुळे, बळजबरी केली की इंजिनातले आटे गेले.

तक्रारी आहेतच. तांब्याच्या साध्या स्पार्क प्लग वायरींमुळे काटे थरथरायचे. रेझिस्टरवाल्या घातल्यावर थांबले. एलईडी जुन्या डिमरला दाद देत नाहीत, रात्री उजेड कमी करता येत नाही. चार्जिंगच्या लाल दिव्यात मात्र साधाच बल्ब ठेवलाय, कारण बऱ्याच अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट त्यातूनच मिळतो. गाडी पॉझिटिव्ह अर्थची (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेली) असेल तर मीटर ते चालवून घेतो का, हे विकत घेण्याआधी विचारा. उलट्या जोडणीने इलेक्ट्रॉनिक्स जळू शकतं.

स्पीडोमीटर केबलवरचाच ठेवला. जीपीएसचे मिळतात, अचूकही असतात, पण गाडी थांबल्यावर काटा जरा उशिरा खाली येतो आणि बोगद्यात आकाशच दिसत नाही. ऑइल प्रेशरचा मीटरही तोच, नळीवाला. वीज नसली तरी तो बोलतो. फक्त गरम ऑइल केबिनपर्यंत आणणारी ती जुनी नळी पुढच्या सर्व्हिसिंगला बदलून घेणार आहे.