तीस दिवसांत अख्खी स्तोत्रसंहिता: काही महिन्यांनंतरचा माझा अनुभव

प्रार्थनेला बसल्यावर ज्यांना बोलायला काही सुचत नाही, बायबल मिटलं की काय वाचलं तेही आठवत नाही, आणि तरीही देव पाहिजे ही तळमळ आतून जात नाही, त्यांच्यासाठी खास हा रिव्ह्यू लिहितेय. मी त्याच अवस्थेत ही पद्धत सुरू केली, आता बरेच महिने झाले आणि अजून चालू आहे.

पद्धत काही नवीन नाहीये. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या, प्रार्थनापुस्तकात 1549 पासून ही विभागणी आहे: बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतली 150 स्तोत्रं 30 दिवसांत, सकाळी एक भाग, संध्याकाळी एक भाग, म्हणजे एकूण 60 भाग. 31 तारीख आली की 30 चेच परत म्हणायचे. त्याच्या कितीतरी आधी, सहाव्या शतकात, संत बेनेडिक्टच्या नियमात मठातल्या लोकांना अख्खी 150 एका आठवड्यात म्हणायला सांगितलीयेत, त्यामानाने आपल्याला बरंच सोपं आहे. मी फक्त मनात न वाचता मोठ्याने म्हणायचं ठरवलं, आणि तारखेला जे येईल तेच म्हणायचं.

तारखेचा खरा फायदा हा की आवडीनिवडीला वावच राहत नाही. नाहीतर आपण फिरून फिरून 23, 91 आणि 121 वरच येतो, आणि मन कोरडं पडलेलं असताना सगळं छान आहे असं म्हणणारं स्तोत्र तोंडातून निघतच नाही हो.

माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट घडली ती 8 तारखेच्या संध्याकाळच्या भागात, तिथे 41, 42, 43 येतात. 42 मधला माणूस पाण्यासाठी तहानलेल्या हरिणीसारखा देवासाठी कासावीस झालाय, लोक त्याला विचारतायत तुझा देव कुठंय, आणि त्याला आठवतंय की आपण जमावाबरोबर गात गात देवाच्या घराकडे जायचो. मग तो स्वतःच्याच जिवाला विचारतो की तू का खिन्न झालास, देवाची आशा धर. आता नीट बघा, 5 व्या वचनात आशा धर म्हणतो आणि लगेच 6 व्या वचनात देवालाच सांगतो की माझा जीव खिन्न झालाय! म्हणजे आशेचं बोलून झालं आणि उदासी तिथंच आहे, आणि कोणी त्याला रागावत नाही की तुझा विश्वास कमी पडला म्हणून. तेच कडवं 42 च्या शेवटी परत येतं आणि 43 च्या शेवटी तिसऱ्यांदा येतं, शब्द जवळपास तेच, परिस्थिती बदललेली नाही, पण तोपर्यंत त्याने मागितलेलं असतं की तुझा प्रकाश आणि तुझं सत्य पाठव, ते मला घेऊन जातील. हे दर महिन्याला मोठ्याने म्हणताना मला पक्कं कळलं की ही तहान म्हणजे देव दूर गेल्याची खूण नाही. ज्याची ओळखच नाही त्याच्यासाठी कोण तळमळेल?

नवीकरणाबद्दल बोलायचं तर 10 तारखेच्या सकाळी 51 येतं. त्यात दावीद राजाने मागितलेलं प्रत्येक काम देवाने करायचं आहे: मला धू, शुद्ध हृदय उत्पन्न कर, तारणाचा आनंद परत दे. मी आता जास्त जोर लावीन असं तो कुठेच म्हणत नाही, आणि मला हे फार दिलासा देणारं वाटतं. संत ऑगस्टिनने 430 साली शेवटच्या आजारात पश्चात्तापाची काही स्तोत्रं लिहून पलंगाजवळच्या भिंतीवर लावली होती आणि ती वाचत रडायचे. एवढा मोठा बिशप, आयुष्यभर देवाचं वचन शिकवलेला, आणि मरताना हेच!

अवघड भागही सांगते. 15 च्या संध्याकाळी एकटं 78 येतं, 72 वचनं, दमलेल्या दिवशी जड जातं. 119 तर 176 वचनांचं आहे, ते 24 च्या संध्याकाळपासून 26 च्या संध्याकाळपर्यंत पुरतं, पण मला ते आता आवडायला लागलंय. 109 आणि 137 मधले शाप म्हणताना जीभ अडखळते. मी ते ज्यांच्यावर खरंच भयंकर अन्याय झालाय त्यांच्या वतीने म्हणते, कारण तिथे सूड देवाच्या हातात सोपवलेला असतो, माणूस स्वतः घेत नाही. 17 च्या सकाळी 88 येतं आणि ते अंधारातच संपतं, शेवटी स्तुती वगैरे काही नाही. ते कृपा करून स्किप करू नका. आपल्याला त्या दिवशी गरज नसली तरी मंडळीत कुणीतरी त्याच अंधारात असतंच, त्याचं नाव घेऊन म्हणा. आणि प्रभू येशूनेसुद्धा वधस्तंभावर 22 व्या स्तोत्राच्याच शब्दांत, तू माझा त्याग का केलास, असा आक्रोश केला, मग आपण कशाला लाजायचं?

फरक काय पडला म्हणाल तर भावना रोज उचंबळून येतात असं नाही, बरेच दिवस अगदी साधे जातात. पण देवासमोर खोटं बोलणं बंद झालंय, आणि उपासनेला जायची ओढ परत आलीये जी मला वाटलं होतं कायमची गेली. रागसुद्धा आता त्याच्याकडेच घेऊन जाते.

सुरू करायचं असेल तर 1 तारखेची वाट बघू नका, आज जी तारीख आहे तिथूनच धरा. दिवस चुकला तर मागचं भरून काढत बसू नका, नाहीतर थकबाकी वाढत जाते आणि माणूस सोडूनच देतो. पुढच्या महिन्यात ते स्तोत्र परत येणारच आहे.