मसाला लावलेला तयार बासा मासा, बिडाच्या तव्यावर

पाकिटावर ५०० ग्रॅम. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून बर्फ सुटल्यावर वजनकाट्यावर भरले ४१०. बाकीचं पाणी विकत घेतलं म्हणायचं! लेमन-पेपर मसाल्यात मीठ इतकं की वरून चिमूटभरही घालू नका.

तुकडे टिश्यूने कोरडे केले, बिडाचा तवा धूर येईस्तोवर तापवला, तेल तव्याऐवजी माशाला लावलं. पहिला तुकडा घाईने उलटला, त्याची भुर्जी झाली. दुसऱ्याला चार मिनिटं हातच लावला नाही. आपणहून सुटला, खाली मस्त करपट रेघा. काटा एकही नाही, पोरं खूश. सासूबाई मात्र म्हणाल्या, "मासा कुठाय यात?" बासा व्हिएतनामचा, गोड्या पाण्यातला. त्याला रावसाची चव कुठून येणार? पुढच्या वेळी कोळणीकडून जिताडाच आणते.