पुण्यातला फ्लॅट, दारव्ह्याचा मालक आणि मधला एजंट

यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याजवळ गावी राहून आम्ही पुण्यात वाघोलीला फ्लॅट घेतला. कापसाचा पैसा, वडिलांचा फंड, वरून बँकेचा हप्ता २३,४०० रुपये. भाड्याने हप्त्याला हातभार लागेल, एवढाच हिशेब. दरवेळी रातभर ट्रॅव्हल्समध्ये बसून कोण जाणार? म्हणून एजंट धरला. तो दिग्रसकडचाच निघाला. "काकाजी, टेन्शन नोका घेऊ, मी आहो ना इथं." आपल्या भागातल्या पोरावर कोण संशय घेईल? अधिकारपत्र दिलं, रंगाचे ४२,००० दिले. आयटीतली दोन पोरं ठेवली म्हणाला. १५,००० भाडं सात महिने वेळेवर आलं.

मग नळ गळतो म्हणून त्याने फोटो पाठवला. मागे गॅलरीच्या दोरीवर शाळेचा गणवेश वाळत होता, लहान पोरीचा. विचारलं, तर म्हणे पोराची बहीण आली आहे, लेकरं घेऊन. जुलैत, शाळा सुरू असताना, गणवेश घेऊन कोणती बहीण पाहुणी येते? तिथंच गाडी पकडायला हवी होती! पण दुबार पेरणीचं संकट डोक्यावर होतं, आणि भाडं तर येतच होतं.

फ्लॅट त्याने एका कुटुंबाला हेवी डिपॉझिटवर, म्हणजे दरमहा भाड्याऐवजी एकरकमी मोठी अनामत घेऊन, दिला होता. ५,००,००० घेतले, त्यातलेच १,०५,००० मला भाडं म्हणून फिरवले आणि फोन बंद. ते कुटुंब डिपॉझिट मिळाल्याशिवाय हलत नाही. त्यांच्याकडे नोटरीचा कागद आहे, त्याला माझंच अधिकारपत्र जोडलेलं.

अधिकारपत्र कोणालाही देऊ नका. भाडेकरार आधारच्या अंगठ्यावर ऑनलाइन नोंदवता येतो, मालकाला पुण्याला जावं लागत नाही. हे मला आधी कोणी सांगितलं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५ : करार नोंदवायची जबाबदारी मालकाची, आणि नोंदवला नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या.

इथलं ठाणं म्हणतं, पुण्यात जा. तिथलं म्हणतं, दिवाणी मामला आहे, कोर्टात जा. कोणाचे पैसे कोणी खाल्ले हे कागदावर दिसत असताना दिवाणी कसला? गुन्हा कुठंही घडो, कोणत्याही ठाण्याने तक्रार नोंदवली पाहिजे, असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं. ते दाखवलं तर हवालदार म्हणाला, "वकील आहात का?" सोसायटीनेही हात झटकले. भाडेकरू आत शिरताना पोलीस पडताळणीचा कागद यांनी मागायला नको होता?

भाडेकरूशी स्वतः व्हिडिओ कॉलवर बोला. भाडं त्याच्याच खात्यातून घ्या, एजंटच्या नाही.

ठाण्याने नकार दिला तर त्याच कलमाखाली पोलीस अधीक्षकांना टपालाने तक्रार पाठवता येते. मी स्पीड पोस्टाने पाठवली आहे, पोचपावती जपून ठेवली आहे.